दुसरे लॉर्ड सिन्हा : किताब १९२८ मध्ये मिळाला, मग सभागृहातली जागा १९३९ मध्ये का?

गोदातीर

सत्येंद्रप्रसन्न सिन्हा हे नाव आपल्याकडे आठवतं ते डिसेंबर १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून. त्याआधी १९०९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदामंत्री झालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १४ फेब्रुवारी १९१९ ला त्यांना 'बॅरन सिन्हा, रायपूर, बंगाल इलाखा' हा किताब मिळाला. वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश पीअरेज (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा हक्क देणारा सरदारकीचा किताब) मिळालेलं हे एकच हिंदी घराणं.

४ मार्च १९२८ ला ते वारले. थोरले चिरंजीव अरुणकुमार दुसरे बॅरन झाले. पण हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला तो थेट जुलै १९३९ मध्ये, विशेषाधिकार समितीच्या निकालानंतर. बाप गेला की दुसऱ्या दिवशी मुलगा लॉर्ड, अशी आपली समजूत असते. मग मधली ११ वर्षं कुठे गेली? आणि मुळात एका बंगाली बॅरिस्टरला थेट वंशपरंपरेचाच किताब का दिला? साधं 'सर' तर ते १९१५ पासून होतेच.

सह्यकडा

चांगला विषय. रायपूर म्हणजे छत्तीसगडचं ना?

पोथीपान

नाही. हे रायपूर बीरभूम जिल्ह्यातलं, बोलपूरजवळचं गाव. सिन्हा तिथले जमीनदार. शांतिनिकेतनची जमीन देवेंद्रनाथ टागोरांनी याच घराण्याकडून कायमच्या पट्ट्याने घेतली. म्हणून सनदेत, म्हणजे किताब देणाऱ्या राजाच्या लेखात, नुसतं 'रायपूर' न लिहिता पुढे 'बंगाल इलाखा' जोडलेलं आहे.

ॲड_पारिजात

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे: १९१९ मध्ये दुसरा पर्यायच नव्हता.

माँटेग्यू भारतमंत्री होते आणि ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसत. त्यांच्या खात्याचं काम लॉर्ड्समध्ये मांडायला तिथे बसणारा उपमंत्री लागतो. लॉर्ड आयलिंग्टन त्या जागेवरून गेले आणि जानेवारी १९१९ मध्ये सिन्हांची नेमणूक झाली. उपमंत्री झाले, पण सभागृहात पाय ठेवायला पीअर असावं लागतं. तहहयात पीअरेज, म्हणजे त्या माणसापुरता आणि त्याच्या मृत्यूबरोबर संपणारा, सर्रास देण्याची सोय झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्याआधी १८५६ मध्ये सर जेम्स पार्क या न्यायाधीशाला राणीने तहहयात पीअर करून पाहिलं होतं. सभागृहाने ठराव केला की असा पीअर इथे बसू शकत नाही. शेवटी त्याला वंशपरंपरेचा किताब देऊन बॅरन वेन्सलीडेल म्हणून आत घ्यावं लागलं. १८७६ मध्ये अपवाद झाला, पण तो फक्त अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधीशांपुरता.

थोडक्यात, सिन्हांना खुर्ची द्यायची तर ती त्यांच्या पणतू-खापरपणतूंपर्यंत द्यावी लागणार होती. १९१९ चा भारत सरकार कायदा लॉर्ड्समधून पार करायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांनी केलं.

चकली

पहिले हिंदी खासदार पण हेच का?

सह्यकडा

नाही हो, तो मान दादाभाईंचा, १८९२, फिन्सबरी सेंट्रल. मग १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी. ते दोघं कॉमन्समध्ये, निवडून आलेले. सिन्हा लॉर्ड्समधले पहिले आणि ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या यंत्रणेत उपमंत्री झालेलेही पहिलेच.

इतिहासवेडा

१९१९ चा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. त्या विधेयकावर दोन्ही सभागृहांची मिळून समिती बसली होती, अध्यक्ष लॉर्ड सेल्बोर्न. लोकमान्य टिळक तेव्हा पत्रकार चिरोल यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला गेलेले होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये खटला हरले, पण तिथेच राहून त्याच वर्षी या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. समितीत एका बाजूला लॉर्ड सिन्हा, आणि त्याच समितीत लॉर्ड सिडनहॅम. हे सिडनहॅम म्हणजेच जॉर्ज क्लार्क, १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवलं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर! त्यांनाही १९१३ मध्ये वंशपरंपरेचाच बॅरन किताब मिळाला होता. १९३३ मध्ये ते वारले, पुरुष वारस नव्हता, किताब तिथेच संपला.

आणि १९१५ चं मुंबई अधिवेशनही नुसतं अध्यक्षांच्या नावापुरतं लक्षात ठेवू नये. काँग्रेसच्या घटनेत तिथे जो बदल झाला, त्यामुळेच टिळकपक्षाला १९१६ मध्ये लखनौला परत येता आलं.

गोदातीर

पारिजातताई, उत्तम खुलासा. आता ११ वर्षांचं सांगा. मला दाट शंका आहे की रंगभेदामुळे अडवून धरलं असणार.

ॲड_पारिजात

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू या. किताब आणि जागा.

किताब मृत्यूच्या क्षणी उतरतो. मुलाने अर्ज करायचा नाही, कुणी मंजूर करायचा नाही. अरुणकुमार ४ मार्च १९२८ लाच दुसरे बॅरन झाले. सभागृहात बसायला मात्र रिट लागतं, म्हणजे राजाच्या नावाने निघालेलं बोलावणं, आणि ते मागणाऱ्याने 'सनदेत लिहिलेला वारस तो मीच' हे सिद्ध करावं लागतं. इंग्लंडातल्या घराण्यात तीन कागदांत काम भागतं: आईबापाच्या लग्नाचा दाखला, स्वतःचा जन्मदाखला, बापाचा मृत्युदाखला. इंग्लंडात १८३७ पासून सरकारी नोंद आहे, त्याआधीचं हवं असेल तर चर्चची वही.

सिन्हांचं लग्न १८८० चं, बंगालमध्ये, हिंदू पद्धतीने. थोरल्या मुलाचा जन्म १८८७ चा. हिंदुस्थानात जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा १८८६ मध्ये आला, तोही ऐच्छिक. हिंदू लग्नाची नोंद कुठल्याच वहीत नाही. मग नातेवाईक, माहितगार आणि रूढी जाणणाऱ्यांची साक्ष, हाच पुरावा.

पण कागद ही लहान अडचण. मोठी अडचण सनदेच्या शब्दांत होती. किताब चालतो तो 'त्याच्या देहापासून कायदेशीर विवाहात झालेल्या पुरुष वारसांकडे'. आता १८८० मध्ये हिंदू कायद्याने पुरुषाला एकाहून अधिक बायका करता येत. इंग्लिश न्यायालयांनी १८६६ मध्ये हाइड विरुद्ध हाइड या खटल्यात, युटामधल्या मॉर्मन लग्नाबद्दल, लॉर्ड पेन्झान्स यांच्या तोंडून सांगून ठेवलं होतं की विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, बाकी सगळ्यांना वगळून, आयुष्यभरासाठी. एकच बायको असली तरी कायदा दुसरीला वाव देत असेल तर ते लग्न या व्याख्येत बसत नाही. ते बसत नसेल तर मुलगा 'कायदेशीर विवाहातला' कसा ठरणार?

सिन्हांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. प्रश्न त्यांच्या वागण्याचा नव्हता, त्यांच्या लग्नाच्या प्रकाराचा होता.

मनीषा_नि

म्हणजे सत्येंद्रप्रसन्नांच्या पत्नी गोविंदमोहिनीबाईंचं लग्न इंग्लंडच्या नजरेत लग्नच नाही? वाचून संताप आला. स्वतः लेडी सिन्हा म्हणून मिरवायला परवानगी, आणि मुलगा औरस की नाही यावर समिती!

ध्रुवतारा

+१

लंडनकर

पुरा निकाल ऐका, तो अरुणकुमारांच्या बाजूने लागला.

समितीपुढे मुद्दा मांडला गेला तो ब्राह्मो समाजाचा. सिन्हा पतिपत्नींनी १८८६ मध्ये साधारण ब्राह्मो समाजात प्रवेश केला. ब्राह्मोंमध्ये एकपत्नीत्व हा नियम. म्हणजे लग्न झालं तेव्हा ते बहुपत्नीत्वाला वाव देणारं होतं, पण नवरा-बायकोने धर्मपंथ बदलला तेव्हा त्याच लग्नाचं स्वरूप बदललं आणि ते एकपत्नी विवाह झालं. मुलगा जन्मला त्यानंतर, १८८७ मध्ये. लॉर्ड चान्सलर मॉम यांनी हे मान्य केलं, समितीने हक्क सिद्ध झाल्याचा अहवाल दिला, रिट निघालं.

यातला कायद्याचा गाभा असा: लग्नाचं स्वरूप कायमचं पहिल्या दिवशी ठरत नाही, नंतर बदलू शकतं. पुढच्या काळात इंग्लिश न्यायालयांपुढे भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या लग्नांचे वाद आले, तेव्हा हा सिन्हा निकाल पुन्हा पुन्हा पुढे केला गेला. १९४६ चा बेंडेल खटला, १९६५ चा चेनी खटला. चेनी खटल्यात तर अपत्य झाल्यावर लग्न एकपत्नीक होतं एवढ्यावर ते मान्य झालं. भारतातून इंग्लंडात गेलेल्या कितीतरी सामान्य बायकांना पोटगी मागताना ज्या विचाराचा आधार मिळाला, त्याची एक पायरी या किताबाच्या भांडणातली आहे.

पोथीपान

लंडनकर, एक पुरवणी. समितीने जे ठरवलं नाही तेही महत्त्वाचं. दोन बायका असत्या आणि धाकटीचा मुलगा आधी जन्मला असता, तर थोरला वारस कोण? पहिल्या बायकोचा मुलगा की वयाने मोठा मुलगा? ही अडचण बोलून दाखवली आणि सोडून दिली, कारण या प्रकरणात ती नव्हतीच. निकाल जाणूनबुजून अरुंद ठेवला.

सह्यकडा

मग १९१९ मध्ये सनद लिहितानाच दोन ओळी जास्त का घातल्या नाहीत? 'गोविंदमोहिनी हिच्यापासून झालेला पुत्र' असं लिहिलं असतं तर पुढचा सगळा व्याप टळला असता.

लंडनकर

लिहिता आलं असतं, आणि अशी उदाहरणं आहेत. सनदेत नेहमीच्या वारसक्रमाबाहेरचा क्रम घालता येतो, मात्र तो किताब देतानाच. नंतर घालायचा तर संसदेचा कायदा लागतो. माउंटबॅटन यांना मुलगे नव्हते. १९४६ च्या व्हायकाउंट आणि १९४७ च्या अर्ल किताबात मुलींकडे जाण्याची तरतूद आधीच घातली, म्हणून १९७९ मध्ये थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. मुंबईचे सर जेकब ससून निपुत्रिक होते. १९०९ च्या त्यांच्या बॅरोनेट (वारशाने चालणारं 'सर') सनदेत धाकटा भाऊ एडवर्ड यांचं नाव घातलं होतं. १९१६ मध्ये जेकब गेले, किताब एडवर्डकडे, १९२४ मध्ये त्यांच्या मुलाकडे म्हणजे व्हिक्टर ससूनकडे, आणि १९६१ मध्ये संपला.

सिन्हांच्या बाबतीत छापील नमुना वापरला. नमुना इंग्लंडच्या घरांसाठी बनलेला होता.

सनदेतला एक शब्द काय करतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण अर्ल ऑफ डेव्हन. १५५३ ची सनद 'पुरुष वारसांकडे' एवढंच म्हणते, 'देहापासून झालेल्या' हे शब्द तिच्यात नाहीत. १५५६ मध्ये पहिला अर्ल निपुत्रिक वारला आणि किताब संपला असं सगळ्यांनी धरलं. १८३१ मध्ये लॉर्ड्सने मूळ शब्द वाचले आणि म्हटलं, देहाची अट नाही, तेव्हा दूरच्या पातीतला पुरुषही चालेल. २७५ वर्षांनी कोर्टनी घराण्याच्या दुसऱ्या शाखेत अर्ल उभा राहिला.

चकली

२७५ वर्षं! आमच्याकडे सातबारावर नाव चढायला तेवढीच लागतील असं वाटतंय.

मनीषा_नि

दत्तकाचं काय? आपल्याकडे तर दत्तक घेतला की तो सगळ्या अर्थाने मुलगा.

ॲड_पारिजात

पीअरेजला दत्तक चालत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. 'देहापासून' हा शब्द तिथे आडवा येतो. २००४ च्या राजाज्ञेने पीअरच्या दत्तक मुलांना मुलांचे सौजन्याचे मान वापरता येतात, पण वारसा नाही. लग्नाआधी जन्मलेलं मूल, आईबापाने नंतर लग्न केल्यावर, इंग्लंडात १९२६ च्या कायद्याने औरस ठरतं, पण त्याच कायद्याने किताबांचा वारसा वगळलेला आहे. शरीराबाहेरच्या गर्भधारणेचे, लिंगबदलाचे कायदे आले, त्यांतही किताबांना हात लावलेला नाही. प्रत्येक वेळी संसद नवं नातं मान्य करते आणि एका कलमात किताब बाजूला काढून ठेवते. माझ्या मते हे अन्यायाचं आहे, पण कायदा आहे तसा सांगितला.

मुंबईतलं जवळचं उदाहरण रेडीमनींचं. कावसजी जहांगीर रेडीमनी १८७२ मध्ये 'सर' झाले, पण ते नाइट, म्हणजे त्यांच्यापुरतं. दत्तक पुत्राने १९०८ मध्ये स्वतःच्या नावावर बॅरोनेटपद मिळवलं, ते वारशाने आलेलं नव्हे. पुढचे बॅरोनेट, जहांगीर आर्ट गॅलरी उभारणारे, त्यांचे औरस पुत्र.

इतिहासवेडा

दत्तकाचा विषय निघाल्यावर सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. १८४८ मध्ये डलहौसीने छत्रपतींचा दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केलं. १८५४ मध्ये नागपूर, झाशी. १८४९ मध्ये त्याला मार्क्वेस हा वरचा किताब मिळाला. त्याला दोन मुली, मुलगा नाही. १८६० मध्ये तो वारला आणि मार्क्वेसपद त्याच्याबरोबर संपलं. जुनं अर्लपद चुलत पातीकडे, फॉक्स मॉल यांच्याकडे गेलं, कारण ती सनद खूप जुनी आणि तिच्यातली पाती जिवंत होती.

साताऱ्याला लावलेला नियम त्यांच्याकडचा होता आणि त्यांच्यावरही चालत होता. फरक इतकाच की त्यांच्याकडे किताब जायचा, इथे अख्खं राज्य गेलं. हा फरक विसरता कामा नये.

ध्रुवतारा

इतिहासवेडा, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

सह्यकडा

मुंबईचे बॅरोनेट आले आहेत तर जमशेटजी जीजीभॉयांबद्दलही लिहा कुणीतरी. १८५७ मध्ये पहिले हिंदी बॅरोनेट. त्यांच्या वारसांना असा त्रास का झाला नाही?

पोथीपान

कारण तिथे सगळं आधी बांधून ठेवलं होतं. बॅरोनेट हे पीअर नव्हेत, सभागृहात जागा नाही, त्यामुळे रिटचा प्रश्नच येत नाही. पण 'सर' वारशाने चालतं, आणि किताब पेलायला मिळकत हवी असा आग्रह असे. म्हणून १८६० चा कायदा क्रमांक २०. वर्षाला १ लाख रुपये व्याज देणारे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल ही वास्तू किताबाला कायमची जोडली. वारसाला ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. शिवाय जो कुणी बॅरोनेट होईल त्याने मूळ पुरुषाचं नाव घ्यायचं. म्हणून १८५९ मध्ये करसेटजी गादीवर आले ते 'सर जमशेटजी जीजीभॉय, दुसरे' झाले, आणि पुढचे सगळे तसेच. जुन्या मुंबईचे दस्त चाळताना याने फार घोळ होतो. सही 'जमशेटजी जीजीभॉय' अशीच दिसते, माणूस मात्र वेगळा. अशा दस्तावर आधी तारीख पाहायची, मग कितवा बॅरोनेट ते ठरवायचं, आणि जन्मनाव शोधायचं.

पेटिट घराण्यातही तोच प्रकार, १८९३ चा कायदा. रतनबाई जिना यांचे वडील जन्माने जीजीभॉय फ्रामजी, किताब आल्यावर दिनशा माणेकजी. अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल, १९१३, पहिले हिंदू बॅरोनेट.

बांधून ठेवण्यातली चूक कुठे होते तेही पाहा. व्याजाचा आकडा ठरलेला, महागाई ठरलेली नाही. १८६० मध्ये वर्षाचा १ लाख म्हणजे संस्थानिकाचा थाट. तोच आकडा शंभर वर्षांनी वाड्याच्या डागडुजीलाही पुरत नाही. वाडा विकायचा तर विधिमंडळात नवा कायदा करावा लागतो.

ॲड_पारिजात

आणि पारशांना विवाहाची अडचणही आली नसती. १८६५ चा पारशी विवाह कायदा दुसरं लग्न गुन्हा ठरवतो, म्हणजे त्यांचं लग्न पेन्झान्सच्या व्याख्येत चपखल बसतं. हिंदूंना हा प्रश्न तत्त्वतः मुंबई इलाख्यात १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा येईपर्यंत आणि देशभर १९५५ पर्यंत होता. त्या १९४६ च्या कायद्याला नरसू अप्पा माळी खटल्यात आव्हान मिळालं आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

अवांतर: कंपनी कायद्यात आपण जो १९२७ चा सर दिनशा माणेकजी पेटिट खटला शिकतो, चार खाजगी कंपन्या काढून उत्पन्न कर्जाच्या रूपाने स्वतःकडे परत घेण्याचा, तो याच बॅरोनेट घराण्यातला.

चकली

तो पेटिट हा पेटिट?! परीक्षेत दोनदा लिहिलाय.

गोदातीर

आज एखाद्याला वारसा सिद्ध करायचा असेल तर काय करावं लागतं? आता सभागृहात जागा तर नाहीच.

लंडनकर

१९९९ च्या कायद्याने ९२ सोडून बाकी वंशपरंपरेचे पीअर बाहेर गेले. उरलेल्यांना काढायचं विधेयक २०२४ मध्ये मांडलं. पण किताब सिद्ध करायची पद्धत जागेपासून वेगळी होऊन चालूच आहे. १ जून २००४ च्या राजाज्ञेने पीअरांची अधिकृत नामावली सुरू झाली. नामावलीत नाव नसेल तर सरकारी कागदावर त्या किताबाने उल्लेख होत नाही, मानक्रमातही स्थान नाही. बॅरोनेटांची अशी नामावली १९१० पासून आहे.

अर्जदाराने आधीच्या धारकाचा मृत्युदाखला, त्याच्याशी नातं दाखवणारे जन्म आणि लग्नाचे पूर्ण दाखले आणि शपथेवरचं निवेदन द्यायचं. दाखला पूर्ण हवा, आईबापाची नावं नसलेला छोटा चालत नाही. खरी मेहनत नकारार्थी पुराव्याची असते: आपल्या पुढचं कुणी जिवंत नाही हे दाखवणं. थोरला भाऊ लहानपणी गेला तर त्याचाही मृत्युदाखला. चुलत पातीतून येत असाल तर मधल्या प्रत्येक थोरल्या पातीत पुरुष उरला नाही हे एकेक करून. परदेशात गेलेला, कुठे लग्न केलं की नाही माहीत नाही असा एक काका निघाला की प्रकरण अडकतं. लग्न आधी की जन्म आधी, या तारखाही ताडून पाहतात. आई-वडिलांचं लग्न मुलाच्या जन्मानंतरचं निघालं की वर सांगितलेल्या १९२६ च्या कायद्याचा वगळलेला भाग लागू होतो.

आणि आता डीएनए. २०१६ मध्ये स्टिचिलच्या प्रिंगल बॅरोनेटपदाचा वाद प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. सनद १६८३ ची. चाचणीत दिसलं की नववा बॅरोनेट आठव्याचा मुलगाच नव्हता. दहावे बॅरोनेट २०१३ मध्ये वारले होते, त्यांचा मुलगा वारस मानला जात होता. कौन्सिलने पुरावा ग्राह्य धरला आणि किताब दुसऱ्या पातीतल्या मरे प्रिंगल यांच्याकडे गेला. जन्मदाखल्यावर बापाचं नाव होतं, समाजाने मानलं होतं, पण सनदेतलं 'देहापासून' शेवटी रक्तानेच मोजलं गेलं.

मनीषा_नि

म्हणजे १९३९ मध्ये लग्न तपासलं, २०१६ मध्ये रक्त. बाई मात्र दोन्हीकडे साक्षीपुरती.

सह्यकडा

किताब नकोच असेल तर सोडता येतो का? सहजच विचारतोय.

लंडनकर

१९६३ पासून येतो, टोनी बेन यांच्या लढ्यामुळे. वडिलांनंतर १२ महिन्यांच्या आत लेखी त्याग करायचा, खासदार असल्यास एका महिन्यात. त्याग फक्त स्वतःपुरता. मृत्यूनंतर किताब पुढच्या वारसाकडे जातोच, त्याला त्यातून बाद करता येत नाही.

इतिहासवेडा

गोदातीर, तुमच्या रंगभेदाच्या शंकेबद्दल माझं मत. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता, पुरावा प्रत्येकाला द्यावाच लागे. पण ज्यांच्या देशात नोंदवही नव्हती आणि ज्यांच्या लग्नाला आधीच शंकेच्या यादीत टाकलेलं होतं, त्यांच्यावर तोच नियम दसपट जड पडला. सरकारने सिन्हांना १९१९ मध्ये घाईने सनद दिली, कारण त्या वर्षी त्यांची गरज होती. त्यांच्या मुलाचा वारसा त्या सनदेत नीट बसतो का, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. ती जबाबदारी देणाऱ्याची होती.

आणि त्याची किंमत नुसती मानाची नव्हती. १९३५ चा भारत सरकार कायदा लॉर्ड्समध्ये चर्चेला आला तेव्हा दुसरे लॉर्ड सिन्हा सात वर्षं बॅरन होते. वडिलांनी १९१९ चा कायदा ज्या सभागृहातून पार केला, तिथे मुलाला १९३५ च्या कायद्यावर बोलायलाही जागा नव्हती.

गोदातीर

१९३५ चा विचार डोक्यात आलाच नव्हता. हे धाग्याच्या मजकुरात वर जोडतो. १९३९ नंतर अरुणकुमार १९६७ पर्यंत होते, त्यांच्या सभागृहातल्या भाषणांबद्दल कुणी वाचलं असेल तर इथेच लिहा.

पोथीपान

लॉर्ड्सचं कामकाजाचं इतिवृत्त खुलं आहे. शोधताना 'सिन्हा' एवढंच टाकू नका, पहिल्या आणि दुसऱ्या बॅरनचं सगळं एकत्र येतं. १९३९ ही खालची मर्यादा लावा म्हणजे फक्त अरुणकुमार उरतील. पहिल्यांचं १९१९-२० चं वेगळं वाचा, विशेषतः भारत सरकार विधेयकावरचं दुसऱ्या वाचनाचं भाषण.